कागदाचा कासरा

कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलात की तावडे हॉटेलचा चौक मागे पडतो, पंचगंगेचा पूल येतो आणि पलीकडे शिरोली. गावाचे पुरे नाव ‘शिरोली पुलाची’. नदी फुगली की हा रस्ता कसा अडून बसतो ते २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. दोन्ही वेळा इथे महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. एरवी इथली औद्योगिक वसाहत रात्रंदिवस जागी असते. दिवसा गेलात तर ओतकामाच्या कारखान्यांतून, म्हणजे इथल्या बोलीत फौंड्रीतून, जळक्या वाळूचा वास येईल. पण वाचकहो, तुम्हाला तिथे न्यायचे आहे ते रात्री अकरानंतर, जेवणखाण उरकून. पाहायचे आहे ते रोजचे वर्तमानपत्र छापणारे यंत्र. छापखान्याचे नाव सांगत नाही, त्यावाचून काही अडत नाही. जिल्ह्याच्या कुठल्याही ठिकाणी असा छापखाना असो, आत दिसते ते थोड्याफार फरकाने हेच.

छापखाना म्हटले की खिळे जुळवणारा माणूस आणि खाली-वर होणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. ते दिवस गेले. पान आता संगणकावर जुळते आणि त्यावरून ॲल्युमिनियमची पातळ प्लेट तयार होते. ही प्लेट यंत्रातल्या एका सिलिंडरवर गुंडाळतात. तिला आधी पाणी लागते, मग शाई. जिथे अक्षर आहे तिथे शाई धरते, कोरी जागा पाणी धरून शाई झिडकारते. प्लेट कागदाला मात्र शिवतसुद्धा नाही. तिच्यावरची शाई शेजारच्या रबरी आच्छादनावर उतरते आणि तिथून कागदावर. या आच्छादनाला ‘ब्लँकेट’ म्हणतात. पांघरायचे नव्हे, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल!

हे झाले यंत्राचे पोट. पण आधी गोदामात चला.

तिथे कागदाची रिळे उभी करून ठेवलेली दिसतील. आडवी का नाहीत? आडवे रीळ स्वतःच्याच वजनाने खालून चपटते. बैलगाडीच्या चाकाची धाव एका जागी दबली की गाडी प्रत्येक फेऱ्याला हिसका देते, तसे चपटे रीळ यंत्रावर प्रत्येक फेऱ्याला हिसका देते. तो हिसका पुढे कुठवर पोचतो ते पाहूच. जुना मशीनमन रीळ चढवण्याआधी त्यावर लाकडी दांडक्याने टकटक करून ऐकतो, आपण कलिंगड वाजवून पाहतो तसे. डावीकडे, मध्ये, उजवीकडे आवाज सारखा आला तर गुंडाळणी सारखी. एका बाजूला बद्द आवाज आला तर तिथे कागद सैल बसला आहे, आणि तो रात्री त्रास देणार.

एका रिळाचा हिशेब मांडू. रुंदी ७० सेंटीमीटर, वजन ३५० किलो, कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमचा. असे रीळ उभे केले तर त्याचा व्यास सुमारे एक मीटर भरतो, आणि उलगडत गेलात तर कागदाचे दुसरे टोक ११ किलोमीटरवर सापडेल. यंत्र तासाला ३५ हजार प्रतींच्या वेगाने धावत असेल तर हा ११ किलोमीटरचा कागद पस्तीस मिनिटांत संपतो. सेकंदाला सव्वापाच मीटर! मनगटावरच्या घड्याळाचा काटा एकदा ‘टिक’ करतो तेवढ्यात नऊ-दहा अंक घडी होऊन बाहेर पडतात. आणि हा सगळा कागद एकच अखंड पट्टा असतो. रिळापासून घडीपर्यंत तो कुठेही तुटलेला नसतो, आणि तुटू द्यायचाही नसतो.

यंत्रघरात शिरलात की एक शब्द वारंवार कानी पडेल: ‘टेन्शन’. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरत नाही, सोसायटीचे कर्ज फिटत नाही, त्याला टेन्शन म्हणतात. इथे त्या शब्दाचा जुना, खरा अर्थ शाबूत आहे: ताण. कागदाला किती ओढ आहे एवढेच. मशीनवरच्या एका मिस्त्रीने ते मला अस्सल कोल्हापुरी बोलीत समजावले होते. “कागद म्हंजे कासरा हाय बघा. लई वढला तर तुटतोय. ढिला सोडला तर बैल आडवं जात्यात.”

ओढ फार झाली तर कागद तुटतो, हे कुणालाही पटेल. पण ढिलाईने काय बिघडते? कागद सैल पडला की तो रोलरवर डावीउजवीकडे फिरतो, त्याला चुण्या पडतात. रंगीत छपाईत चार रंग चार ठिकाणी एकामागून एक पडतात. कागद केसभर सरकला तरी तांबडा रंग एकीकडे, निळा दुसरीकडे. मंत्र्याला दोन नाके फुटतात ती अशी. शिवाय सैल कागद एखाद्या चिकट, शाईने भरलेल्या सिलिंडरला चिकटून त्याच्याभोवती गुंडाळला जाण्याची भीती असते.

मग ओढ किती हवी? सत्तर सेंटीमीटर रुंदीच्या वर्तमानपत्री कागदाला साधारण पंधरा-वीस किलोची. पाण्याने भरलेली घागर त्या कागदाला टांगल्यासारखी. तोच कागद निर्दोष असला तर शंभर किलोच्या वर ओढ सोसतो, हे ऐकून नवल वाटेल. मग वीस किलोला तो तुटतो का? कापडाच्या दुकानात पाहिले आहे ना? दुकानदार काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन हातांनी टर्रकन कापड फाडतो. चीर दिली नाही तर मांजरपाटही दाद देत नाही. कागदाचे तसेच आहे. रीळ ट्रकमधून उतरवताना काठाला खडा लागला, फरशीवरून लोळवताना कड दुखावली, गिरणीत लगद्याचा एक न शिजलेला धागा राहून गेला, की झाली ती चीर. म्हणून हमालाने रीळ जपून उतरवणे आणि मशीनमनने ताण जपणे ही दोन कामे माझ्या मते एकाच तोलाची आहेत. पगारात तो तोल दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता या सगळ्यातली खरी खुबी. ओढ निर्माण कशी होते? पुढून यंत्र कागद ओढते आणि मागे रिळाला ब्रेक लावलेला असतो. पण ब्रेक एकदा लावून विसरता येत नाही. भरलेल्या रिळावर कागद मध्यापासून पन्नास सेंटीमीटरवरून सुटतो. रीळ संपत येते तेव्हा तोच कागद दहा सेंटीमीटरवरून सुटतो. ब्रेक तेवढाच ठेवला तर ओढ पाचपट होते. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून जाते हलके फिरते; तोच मध्याजवळ ठोकला तर दोन बायांनाही ओढवणार नाही. तसेच हे. म्हणजे रीळ जसजसे बारीक होत जाईल तसतसा ब्रेक सैल करत जायला हवा.

ही अडचण शिरोलीला नवी नाही. याच हातकणंगले तालुक्यात इचलकरंजी आहे आणि तिथे १९०४ पासून यंत्रमाग चालत आले आहेत. साध्या मागावर ताण्याचा बीम मागे असतो, त्याला दोर किंवा साखळी आणि वजने लावून रोखून धरतात. बीम भरलेला असताना वजन जास्त आणि रिकामा होत आला की कमी, हे विणकराच्या हाताला सवयीने कळते. जुन्या छपाईयंत्रावरही असेच होते. रिळावरून चामड्याचा किंवा कापडी पट्टा, त्याला वजन, आणि शेजारी उभा असलेला माणूस दर थोड्या वेळाने ते कमी करणारा. त्याला डुलकी लागली की कागद गेलाच.

आता ते काम एक रोलर करतो. रिळातून सुटलेला कागद एका झुलत्या रोलरला वळसा घालून पुढे जातो. हा रोलर दोन हातांवर खाली-वर होऊ शकतो. कागदाची ओढ वाढली की तो उचलला जातो आणि ब्रेक सैल करतो. ओढ कमी झाली की खाली येतो आणि ब्रेक आवळतो. त्याला ‘डान्सर’ म्हणतात आणि नाव शोभून दिसते. चपट्या रिळाचा प्रत्येक हिसका तो आपल्या अंगावर घेतो. नवखा पाहुणा धडधडत्या यंत्राकडे बघत राहतो, पण जाणत्याची नजर या डान्सरवर असते. तो संथ डुलत असेल तर सगळे ठीक. थरथरायला लागला की मिस्त्रीच्या हातातला चहा तसाच राहतो.

इथून पुढे कागदाचा प्रवास एका विभागातून दुसऱ्यात, वर, खाली, आणि शेवटी घडी घालणाऱ्या भागात. वाटेत कागद सैल पडू नये म्हणून पुढचा ओढणारा रोलर मागच्यापेक्षा किंचित वेगाने फिरवतात. किंचित म्हणजे शंभर मीटरला वीस-तीस सेंटीमीटर. बैलजोडीत पुढचा बैल अर्धे पाऊल पुढे असला की सापत्या ताठ राहतात, तेवढेच. त्यातही कागद ओला होतो हे विसरून चालत नाही. पहिल्या रंगाला पाणी लागते आणि ओला कागद सैलावतो, शिवाय रुंदीला मिलीमीटरभर फुगतो. मागून येणाऱ्या रंगांना त्या फुगलेल्या कागदावर नेमके बसायचे असते. आपल्या घरातल्या लाकडी दाराला आषाढात जे होते तेच. आणि कोल्हापूरचा आषाढ तुम्हाला सांगायला नको! गोदामात वेष्टन फाडून ठेवलेले रीळ पावसाळ्यात दोन्ही कडांनी दमट होते, कडा लांबतात, लाटा पडतात आणि सगळी ओढ मधल्या भागावर येते. उलट चैत्रात कडा सुकून आखडतात आणि तिथेच चिरतात. म्हणून शहाणे लोक वेष्टन शेवटच्या घटकेला काढतात.

रिळावर छापण्याची ही युक्ती ज्याने यशस्वी केली तो विल्यम बुलक नावाचा अमेरिकन. त्याच्या आडनावाचा अर्थ बैल! त्याच्या आधी वेगवान यंत्रांनाही माणसे एकेक ताव हाताने भरवीत. त्याने १८६३ साली अखंड गुंडाळीवर छापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. चार वर्षांनी, १८६७ साली, फिलाडेल्फिया शहरात तो स्वतःचे यंत्र बसवत असताना सुटलेला पट्टा त्याने पायाने चाकावर ढकलायला पाहिला. पाय सापडला, चिरडला, जखम सडली आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच त्याचा प्राण गेला. पिठाच्या गिरणीचा किंवा ऑईल इंजिनाचा चालता पट्टा पायाने सारणारे लोक आपल्या गावात आजही आहेत. त्यांना हा किस्सा जरूर वाचून दाखवा.

आता रोलरांकडे वळू, कारण कागद ओढण्याइतकीच नाजूक बाब म्हणजे दोन रोलरांनी एकमेकांना किती भिडावे.

गूळ आपल्या जिल्ह्याचा, म्हणून चरक सगळ्यांच्या ओळखीचा. तिथे दोन लोखंडी रोलर जितके घट्ट तितका रस जास्त. छापखान्यात हा हिशेब उलटा पडतो. शाईच्या हौदापासून प्लेटपर्यंत रोलरांची एक रांगच असते. एक लोखंडी, एक रबरी, पुन्हा लोखंडी. एकाकडून दुसऱ्याकडे शाई पातळ होत होत पोचते. नवीन मुलाला वाटते, छपाई फिकी आली की रोलर आवळावा. आवळला की रबर दबते, तापते, कडक होते, शाईचे पट्टे उठतात आणि प्लेट झिजते. मग छपाई आणखी बिघडते आणि तो आणखी आवळतो. भिडणे हवे ते हलके, पण रोलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे.

ते मोजायचे कसे? छापखान्यातली जुनी रीत मला फार आवडते. यंत्र पूर्ण बंद करून दोन रोलरांच्या मध्ये पातळ कागदाच्या तीन पट्ट्या घालायच्या, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग एकेक हाताने ओढून पाहायची. तिन्हींना सारखाच अडका जाणवला पाहिजे. मापाची साधने येऊन इतकी वर्षे झाली, तरी पट्टीशिवाय कित्येक मिस्त्रींचा जीव भरत नाही. दुसरी रीत डोळ्यांची. शाई लावलेला रोलर क्षणभर थांबलेल्या प्लेटवर टेकवायचा आणि उचलायचा. प्लेटवर शाईची एक रेघ उमटते. ती चार-पाच मिलीमीटर रुंदीची आणि सरळ, सारखी हवी. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला बारीक, तर रोलर तिरका बसला आहे. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक, तर टोकांचे रबर फुगले आहे. पोळीच्या कडा जाड आणि मध्य पातळ आला की आई लाटणाऱ्या मुलीचा हात कुठे जड पडला ते ओळखते, तशी ही रेघ बोलते.

ब्लँकेटचे तर विचारूच नका. प्लेट आणि ब्लँकेट एकमेकांत दाबायचे ते मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे. त्यासाठी ब्लँकेटखाली पातळ कागदाचे अस्तर घालतात. एक कागद जास्त पडला तर बारीक ठिपके पसरून फोटो काळवंडतात. शिवाय जाड झालेले ब्लँकेट कागदाला जरा अधिक ओढू लागते आणि मागे-पुढे सगळीकडचा ताण बिघडतो. म्हणजे दोन्ही गोष्टी शेवटी एकमेकींत गुंतलेल्याच आहेत.

यंत्राजवळ उभे राहिलात तर मिस्त्री एकच गोष्ट दोनदा सांगेल, “पावणं, हात मागं घ्या.” ऐका त्याचे. दोन रोलर आतल्या बाजूला फिरत असतात तिथे चिंधीचे टोक, मनगटावरचा धागा, बाहीची कड, अंगठी, काहीही सापडले की हात मागोमाग जातो. माणसाला मागे ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. चरकात आणि मळणी यंत्रात हात गमावलेली माणसे आपण पाहिली आहेत; मळणी यंत्रांच्या अपघातांमुळे सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. छापखान्यात चालू रोलर चिंधीने पुसणे हा गुन्हा समजतात. पुसायचा तर यंत्र थांबवून, इंच-इंच पुढे सरकवून, घंटा वाजवून आणि सगळे बाजूला झाले हे पाहून. घंटा वाजल्याशिवाय बटणाला हात लावणाऱ्याला मिस्त्री कामावर ठेवत नाहीत. मला यात काही कठोर वाटत नाही.

तुमच्या भेटीच्या रात्री कागद तुटलाच, तर तेही पाहून घ्या. एक ‘फट्’ असा आवाज होतो, गर्जना खाली उतरत जाते आणि मग एकाएकी शांतता. कागद नाही हे हेरणारी छोटी यंत्रणा मोटार बंद करते. तिने उशीर केला तर तुटलेला कागद ब्लँकेटवर थरावर थर गुंडाळला जाऊन ते कायमचे दबते. मग चौघे जण न बोलता कामाला लागतात. एक फाटके तुकडे ओढून काढतो, एक नवे टोक रोलरांतून ओवतो, एक ब्लँकेट पुसतो. मिस्त्री तुटलेले टोक शोधून दिव्यापुढे धरतो. फाटण्याची सुरुवात काठाला झाली की मध्ये, यावरून दोष कुणाचा ते कळते: रिळाचा, जोडाचा, की ब्रेकचा. सगळे सुरळीत झाले तरी दहा-पंधरा मिनिटे गेलीच.

दहा-पंधरा मिनिटांचे एवढे काय? बाहेर अंगणात जीपगाड्या उभ्या असतात. लांबच्या तालुक्यांचे अंक आधी छापतात, शहराचा सर्वांत शेवटी. चंदगड इथून शंभर किलोमीटरच्या पुढे, गगनबावड्याला घाटाकडचा रस्ता. त्या गाड्या वेळेवर सुटल्या तरच पहाटेच्या एसटीला, दूधवाल्याच्या मोटारसायकलला गठ्ठे मिळतात आणि वाडीवर अंक जातो. एसटी चुकली तर तो अंक दुपारी पोचतो. मार्केट यार्डातले गुळाचे दर आता फोनवर कळतात, हे खरे. पण जमिनीची जाहीर नोटीस, भरतीची जाहिरात, दहाव्याचा दिवस सांगणारी निधनवार्ता, यांसाठी अजून कित्येक घरांत पेपरचीच वाट पाहतात.

उद्या सकाळी अंक हातात आला की बातमीआधी जरा कागद पाहा. पानाच्या कडेला बारीक भोकांची ओळ दिसते ना? घडी घालताना कागद पकडणाऱ्या टाचण्यांच्या त्या खुणा. भोके फाटून लांबट झाली असतील तर तिथे ओढ जास्त होती. तळाशी चार रंगांचे बारीक ठिपके असतात. ते आपापल्या जागी नीट असले की फोटोही स्वच्छ आला असेल. पानावर तिरपी चुणी आणि तिच्या आत शाई न लागलेली पांढरी रेघ असली, तर कागद रोलरवर तिरका धावला. पानभर एकाच बाजूला छपाई फिकी असली, तर त्या बाजूचा रोलर नीट टेकलेला नव्हता. घरातल्या शाळकरी पोरांना हे शोधायला द्या. चार दिवसांत ती तुम्हालाच शिकवतील.

आणि छापखाना पाहायला जायचेच असेल तर आधी विचारून जा. रात्री पहिली आवृत्ती सुरू होण्यापूर्वीची वेळ मागा. कागद ओवताना यंत्र संथ चालते, तेव्हा दाखवणाऱ्यालाही बोलायला सवड असते. मुलांना नेलेत तर त्यांचा हात सोडू नका, पायांत चपलांऐवजी बूट असू द्यावेत आणि खांद्यावरचे उपरणे गाडीतच ठेवावे.